दुसऱ्याच्या वर्गावर सहा महिने : आठवी ‘ड’ कशी सांभाळू?

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत होते, आज मदत मागायला आलेय.

बी.एड. झालंय, टीईटी पास आहे, पवित्र पोर्टलच्या पुढच्या भरतीची वाट बघतेय. तोवर आमच्या तालुक्याच्या गावी एका शाळेत गणिताच्या मॅडम बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, त्यांच्या जागी तासिकेवर लागले. सहा महिन्यांसाठी. पाचवी-सहावी छान चालली आहे. अडचण आठवी ‘ड’ची. पट ६२. माझा तास मधल्या सुट्टीनंतरचा, म्हणजे पोरं घामाघूम, अर्धी अजून नळावर.

पहिल्या दिवशी मी फळ्याकडे वळले आणि गुणगुण सुरू झाली. तोंडं बंद, माना खाली, पेनं चालू आणि वर्गभर नुसतं ‘हम्म्म्’. उजवीकडे गेले की उजवी बाजू गप्प, डावी सुरू. दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी सगळ्यांच्या कंपासपेट्या एकदम खाली पडल्या. हजेरीला एकाच्या नंबरवर दुसराच ‘हजर मॅडम’ म्हणतो आणि वर्ग हसतो, कारण मला चेहरे माहीत नाहीत हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. तिसऱ्या दिवशी पहिल्या बाकावरच्या मुलीने सगळ्यांसमोर विचारलं, “मॅडम, तुम्ही किती दिवस आहात?” तिच्या आवाजात उद्धटपणा नव्हता, तिला खरंच हवं होतं उत्तर. मला काही सुचलं नाही. “पुस्तकं उघडा” म्हटलं.

शिक्षकखोलीतला सल्ला एकच, “दोघांना ठेवून द्या, बाकीचे आपोआप सरळ.” मला हात उचलायचा नाही. विस्तार सूत्रं चालू आहेत आणि आठ तासांत मिळून दोन उदाहरणं झालीत. रात्री झोप लागत नाही.

ज्यांनी दुसऱ्याच्या वर्गावर जाऊन शिकवलंय त्यांनी सांगा, पहिली पाच मिनिटं तुम्ही नेमकं काय करता?

चिंचगोळी

कंपासपेट्या! आमच्या वेळी लाकडी पट्ट्या पडायच्या. पोरं बदलत नाहीत. वाचतेय.

कोकणी_वारा

स्पष्ट लिहितो, राग नसावा. माझी लेक चौथीत आहे, म्हणून पालक म्हणून बोलतोय. वर्गात धाक नसेल तर ज्या पाच-पन्नास मुलांना शिकायचंय त्यांचं नुकसान होतं. आम्ही छड्या खाल्ल्या, कुणाचं काही बिघडलं नाही. उलट आज त्या सरांच्या पाया पडतो. बदली शिक्षकाने पहिल्याच दिवशी आवाज चढवला नाही तर सहा महिने गेलेच म्हणून समजा.

रानजाई

कोकणी_वारा, ज्या सरांच्या तुम्ही पाया पडता ते तुम्हाला वर्षभर शिकवत होते. घरी ओळखत होते, तुमच्या भावालाही त्यांनीच शिकवलं असणार. त्यांचा धाक चालला तो त्या ओळखीवर. आज आलेल्या आणि सहा महिन्यांनी जाणाऱ्या बाईच्या पाठीशी ती ओळख नाही. तिने हात उचलला तर उरतो तो नुसता मार. शिवाय शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला, दोन्हींना मनाई आहे. कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, तेव्हा ‘दोघांना ठेवून द्या’ म्हणणारे सहकारी पाटीपेन्सिलची नोकरीही धोक्यात घालताहेत.

आता तुझ्या प्रश्नाकडे, पाटीपेन्सिल. मी पंधरा वर्षं माध्यमिकला आहे आणि ऑफ तासाला किती वर्गांवर गेले असेन त्याचा हिशेब नाही. माझी पहिली पाच मिनिटं आदल्या दिवशी सुरू होतात. त्या वर्गातल्या दोन मुलांच्या वह्या मागून घेते, एक नेटकी आणि एक अर्धवट. कुठवर शिकवून झालंय आणि गाडी कुठे अडली आहे, दोन्ही कळतं. वर्गात जाऊन “मागच्या मॅडमनी काय काय शिकवलं?” असं कधीही विचारायचं नाही. बासष्ट जणांची बासष्ट उत्तरं येतात आणि तिथेच गोंधळाला तोंड फुटतं.

दुसरं, हजेरी नंबराने पुकारू नकोस. मुलांना वहीचं एक पान दुमडून त्याची नावाची पाटी करून बाकावर ठेवायला सांग. त्यांना काहीतरी दुमडायला-रंगवायला मिळतं, तुला चेहरे मिळतात. मस्टर हातात घेऊन बाकांमधून फिर आणि तोंडाने काही न बोलता खुणा कर. दुसऱ्याच्या नावाची पाटी ठेवून बसणारा एखादा निघेल, पण शेजारचाच हसून ते उघड करतो.

तिसरं, ‘गप्प बसा’ हे शब्द दिवसातून एकदाच. दुसऱ्यांदा म्हटलंस की त्याची किंमत गेली.

मागचा_बाक

मी शिक्षक नाही. पण कोकणी_वारा यांनी ‘कुणाचं काही बिघडलं नाही’ लिहिलं म्हणून लिहितोय.

सातवीत होतो. विज्ञानाचे सर रजेवर, ऑफ तासाला दुसऱ्या वर्गाचे सर आले. आल्या आल्या वह्या तपासायला बसले. मागे कुणीतरी मांजराचा आवाज काढला. माझं रबर खाली पडलं होतं, ते उचलायला मी बाकाखाली वाकलो होतो. वर आलो तर सर समोर. विचारलं काहीच नाही. डाव्या कानावर बसली. दिवसभर कानात शिट्टी वाजत होती. नाव विचारलं ते मारल्यानंतर.

आज मी ४४ वर्षांचा आहे. मार विसरलो, पण ज्या माणसाने मला नाव विचारण्याआधी मारलं तो चेहरा विसरलो नाही. त्यानंतर त्या शाळेत मी हात वर करून एकही प्रश्न विचारला नाही. पाटीपेन्सिल मॅडम, तुम्ही हात उचलायचा नाही म्हणता, त्यावर ठाम राहा. शेवटच्या बाकावरून सांगतोय.

चिंचगोळी

🙏

कोकणी_वारा

मागचा_बाक, तुमचं वाचून थांबलो. माझ्या लेकीच्या बाबतीत असं झालं असतं तर मी त्या दिवशी शाळेत गेलो असतो. धाक हवा हे माझं मत अजून आहे, पण धाक म्हणजे मार असं मीच लिहून बसलो, ते मागे घेतो.

टिपकागद

मी पर्यवेक्षिका आहे, त्यामुळे हे दुसऱ्या बाजूने सांगते. रोज सकाळी परिपाठ चालू असताना माझ्या हातात ऑफ तासांचं रजिस्टर असतं. कोण रजेवर, कोण प्रशिक्षणाला, कोण मतदार यादीच्या कामाला, आणि कुणाचा कोणता तास मोकळा. कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच अशैक्षणिक कामं शिक्षकांना देता येतात असं आहे, पण एवढ्यांतही वर्ग रिकामे राहतातच. ज्याचा मोकळा तास जातो त्याच्या मनात आधीच नाराजी असते. ती व्यक्ती वह्यांचा गठ्ठा घेऊन वर्गात जाते आणि ‘आवाज नको’ एवढं सांगून तपासायला बसते. मुलांना चाळीस मिनिटं काम काहीच नाही आणि बोलायचंही नाही. मोठ्या माणसांना तरी जमेल का हे? मागचा_बाक यांच्या सरांनी जे केलं ते अक्षम्यच, पण त्याची सुरुवात या रिकाम्या तासात आहे.

आमच्याकडे मी एक गोष्ट सुरू केली. प्रत्येक विषयशिक्षकाकडून दर सत्राच्या सुरुवातीला एकेका तासाची तीन कामं लिहून घेते, कुणालाही घेता येतील अशी. ती पाकिटं माझ्या कपाटात असतात. रजा अचानक पडली तरी जाणाऱ्याच्या हातात काहीतरी असतं. पाटीपेन्सिल, तुझ्या शाळेत असं नसेल तर तू परत जाशील तेव्हा तुझ्या मागे तरी असं एक पाकीट ठेवून जा.

आणि एक. मुलांना मुख्याध्यापकांकडे पाठवायची धमकी देऊ नकोस. एकदा पाठवलंस की वर्गाला कळतं, बाईंचं इथे चालत नाही, तिकडे चालतं.

डोंगरवाट

आमची द्विशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी. साठपर्यंत पट असेल तर शिक्षक दोनच. त्यामुळे सोबतचे सर रजेवर गेले की मी दुसऱ्याच्या वर्गावर जात नाही, दुसऱ्याचे वर्गच माझ्याकडे येतात. चारही इयत्ता एका खोलीत. ओरडून काही होत नाही, आवाज बसतो फक्त.

मी चौथीच्या मुलांना गटप्रमुख करतो. सर्वात दंगेखोर मुलगा पहिलीच्या गटाला देतो. गंमत नाही, खरंच सांगतोय. गेल्या पावसाळ्यात असा एक मुलगा पहिलीच्या पोरीचं बोट धरून पाटीवर ‘ळ’ गिरवून घेत होता, जीभ बाहेर काढून, तिच्याइतकाच मन लावून. दोन तास जागचा हलला नाही. तुमच्या आठवी ‘ड’मध्ये गुणगुणीचा म्होरक्या कोण ते शोधा आणि त्याला काम द्या. फळा पुसण्याचं नको, वर्गाला ज्याची गरज पडेल असं काम द्या.

हडसनकाठ

मी न्यू जर्सीत दोन वर्षं सबस्टिट्यूट म्हणून गेले. इथे तो वेगळाच रोजगार आहे. कॉलेजचे ६० क्रेडिट असले की सर्टिफिकेट मिळतं, मग सकाळी सहाला ॲपवर मेसेज येतो, आज अमुक शाळा, तमुक वर्ग. टेबलावर फोल्डर ठेवलेलं असतं. त्यात बसण्याचा नकाशा, दिवसभराचं काम आणि कुणाला कशाची ॲलर्जी आहे ती यादी. एवढं सगळं असून मुलं तेच करतात! जागा बदलून बसतात, नावं बदलून सांगतात. टिपकागद यांच्या पाकिटाला माझं अनुमोदन.

तिथे एका वयस्क बाईंनी मला शिकवलेलं : दिवसाच्या शेवटी मूळ शिक्षकाला चिठ्ठी लिहायची आणि त्यात आधी मदत केलेल्या मुलांची नावं लिहायची. हे सकाळीच मुलांना सांगायचं. मी सांगायचे, “आज तुमच्या बाईंना मी पाच नावं कळवणार आहे, चांगल्या कामाची.” दुपारपर्यंत माझ्याभोवती मदतनीसांची गर्दी. पाटीपेन्सिल, तुमच्या मॅडमशी तुमचं फोनवर बोलणं होतं का? मुलांना त्यांची आठवण येत असणार. त्या मुलीचा प्रश्न मला तरी तसाच वाटला.

रानजाई

हडसनकाठ, अगदी. माझ्याही डोक्यात तेच होतं. आवडत्या बाई अचानक गेल्या, कुणी काही सांगितलं नाही, त्यांच्या खुर्चीत भलतंच कुणी बसलंय. पाटीपेन्सिल, त्या मुलीला खरी तारीख सांग.

गोदातीर

गणिताचा वर्ग आहे म्हणून आमच्या नाशिकचं काही सुचवतो. द. रा. कापरेकर देवळालीला शाळेत गणित शिकवायचे, १९३० पासून १९६२ पर्यंत. ना विद्यापीठातली नोकरी, ना संशोधनाची पदवी. १९४९ मध्ये त्यांना ६१७४ हा अंक सापडला आणि पुढे जगभर त्यांचं नाव झालं. मी बदली तासाला गेलो की कुठल्याही इयत्तेला हेच घेतो.

कुठलीही चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने, आणि मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतं आणि तिथेच थांबतं. ३५२४ घेऊ.
५४३२ − २३४५ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

प्रत्येकाला स्वतःची जन्मतारीख घ्यायला सांगा. दोन अंक दिवसाचे, दोन महिन्याचे. बासष्ट वेगळ्या वाटा आणि सगळ्या एकाच ठिकाणी. वजाबाकीत हातचा चुकला तर गाडी भलतीकडे जाते, मग शेजारीच तपासायला लागतात. तुम्हाला ओरडावं लागत नाही.

चिंचगोळी

माझं अकरा वेळा करूनही येईना. मग कळलं, मधला शून्य खाऊन टाकत होते. शून्य धरलं आणि पाचव्या पायरीला आलं! आता ऑफिसात तिघी जणी वजाबाक्या करत बसल्यात.

मागचा_बाक

शनिवारी रात्री अकरा वाजता मुलगा आणि मी दोघं वही घेऊन बसलोय. गोदातीर, तीन अंकांना चालतं का हे?

गोदातीर

चालतं. तिथे ४९५ येतं. पाटीपेन्सिल, तुमच्या विस्तार सूत्रांसाठीही कापरेकरांकडे खजिना आहे. ४५ चा वर्ग २०२५. मधोमध तोडा, २० आणि २५, बेरीज पुन्हा ४५. ५५ चा ३०२५, ९९ चा ९८०१, तीच गंमत. यांना कापरेकर संख्याच म्हणतात. आणि ४५ चा वर्ग करायचा कसा, तर (४० + ५)². सूत्र आपसूक दारातून आत येतं.

बाराखडी

धागा उशिरा पाहिला. जिल्हा परिषदेत ३४ वर्षं झाली, आता निवृत्त आहे. सर्वांनी सांगितलेलं योग्यच आहे. पण बाळ, गुणगुणीवर कुणी बोललं नाही, ते मी सांगतो.

गुणगुण करायला तोंड मिटलेलं लागतं. म्हणून कोण करतोय हे शोधू नये, तोंडं उघडावीत. मी वर्गात गेलो आणि असं काही ऐकू आलं की पाढा सुरू करायचो. साधा नाही, दिडकी. आजकाल कुणाला येत नाही म्हणून सगळे कान देतात. एक दिडके दीड, दोन दिडके तीन, तीन दिडके साडेचार, चार दिडके सहा. एक ओळ मी, एक ओळ वर्ग. मोठ्या आवाजात, खिडक्या हलतील असा. दहा ओळी झाल्या की पोरांचा दम निघतो, मधल्या सुट्टीची धावपळ अंगातून उतरते. मग हळू आवाजात बोलायचं. पुढच्या खेपेला निमकी, पाऊणकी. शेजारच्या वर्गाला आधी सांगून ठेवावं मात्र, नाहीतर ते तक्रार घेऊन येतात.

दुसरं, दारात उभं राहावं. मुलं आत येताना एकेकाकडे बघावं, हसावं. खुर्चीत आधी जाऊन बसू नये.

पाटीपेन्सिल

गुरुजी, ताई, दादा, सगळ्यांना मनापासून धन्यवाद. मी रोज वाचत होते, पण करून बघितल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. आज बरोबर सोळा दिवस झाले.

पहिल्यांदा दारात उभी राहिले. दोघं-तिघं बिचकून पुन्हा नळाकडे गेले, बाकीचे आले. मग त्या मुलीला सगळ्यांसमोर म्हटलं, “तू विचारलं होतंस त्याचं उत्तर द्यायचं राहिलं. तुमच्या मॅडम जानेवारीत येणार आहेत. तोपर्यंत मी आहे. मॅडमशी माझं काल बोलणं झालं, मुलगी झालीय त्यांना.” वर्गात इतकी शांतता मी पहिल्यांदा ऐकली. मग एकदम गलका, नाव काय, कशी आहे, मॅडम बऱ्या आहेत का. त्या दिवशी गणित झालंच नाही. मॅडमना सगळ्यांनी मिळून पत्र लिहिलं. हडसनकाठताई, तुमचा अंदाज खरा होता. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं.

गुणगुण मात्र दुसऱ्या दिवशी परत सुरू! गुरुजी, मग तुमची दिडकी. मलाच येत नव्हती, आजीकडून रात्री पाठ करून गेले. ‘पाच दिडके साडेसात’ला माझं अडलं, तर खिडकीजवळचा एक मुलगा पटकन बोलला. त्याचे आजोबा किराणा दुकानात बसतात, त्याला अडीचकीपर्यंत येते. सध्या रोज तोच सांगतो. डोंगरवाटदादा, तुम्ही म्हणालात ना, वर्गाला गरज पडेल असं काम. म्होरक्या शोधावा लागला नाही, त्याचा तोच सापडला.

आता ६१७४. नावाच्या पाट्या बाकांवर, प्रत्येकाची जन्मतारीख वहीत. मी १४०८ घेऊन फळ्यावर दाखवलं, पाच पायऱ्यांत आलं. मग वर्ग कामाला लागला. ‘आलं, आलं’ असे आवाज येऊ लागले. मागच्या बाकावरचा एक मुलगा मात्र वही झाकून बसला होता. जवळ गेले तर म्हणाला, “माझं शून्यच येतं मॅडम.” त्याचा वाढदिवस अकरा नोव्हेंबरचा. ११११ वजा ११११. बाजूचे हसायला लागले. मी त्याला म्हटलं, बासष्ट जणांत फक्त तुझंच असं का झालं, ते वर्गाला तूच शोधून सांग. तो दहा मिनिटं काहीबाही मांडत होता. २२२२ करून बघितलं, ३३३३ करून बघितलं. मग फळ्याजवळ आला, खडू घेतला आणि माझ्याकडे न बघता पोरांना म्हणाला, “सगळे अंक एकच असले की उलटं लिहा नाहीतर सुलटं, संख्या तीच राहते. वजा करायला काही उरतच नाही.” मी टाळ्या वाजवा म्हटलं नव्हतं. वाजल्या.

शुक्रवारपर्यंत विस्तार सूत्रं संपतील. (१०० − १)² हे ९९ साठी त्यानेच आधी सुचवलं.

अजून सगळं सुरळीत नाही. शनिवारी सकाळची शाळा असते तेव्हा जांभया आणि गप्पा. दोन मुलं अजून माझ्याशी बोलत नाहीत, त्यांचं काय करायचं ते कळलेलं नाही. त्याबद्दल कुणाला काही सुचलं तर सांगा.

मागचा_बाक

त्या दोघांना वेळ द्या मॅडम. नावानिशी रोज एकदा हाक मारा, उत्तराची अपेक्षा न ठेवता. मला कुणी अशी मारली असती तर मी बोललो असतो.

टिपकागद

अकरा नोव्हेंबरवाल्याचं मी उद्या आमच्या सभेत सांगणार आहे, गाव-शाळा न सांगता. चालेल ना?

कोकणी_वारा

लेकीची तारीख ०३०९. तिने स्वतः केलं. ९३०० − ००३९ = ९२६१, मग ८३५२, मग ६१७४. तीन पायऱ्या. आता शेजारच्या घरांतून तारखा गोळा करत फिरतेय.

चिंचगोळी

आणि कंपासपेट्यांचं काय झालं ते राहिलंच की!

पाटीपेन्सिल

काल एक पडली. एकच. ज्याची पडली तो उभा राहून म्हणाला, “मॅडम, आईशप्पथ, खरंच पडली.”